वालीवच्या बोर्डावरची माशी

प्रिय आप्पा,

काल दसरा झाला. हाताला लागलेला केळीचा चीक अजून गेलेला नाही, आणि ड्रेसवर पडलेले डाग तर आता ड्रेस फाटेपर्यंत राहणार. खूप दमलेय. तरी लिहायला बसले, कारण काल वालीवला जे झालं ते तुम्हाला कळायला हवं. इतकी वर्षं तुमचे आणि हेमंतचे निरोप इकडून तिकडे मीच नेले. आता माझा निरोप न्यायला कुणी नाही, म्हणून हे पत्र.

मराठीत लिहितेय, मुद्दाम. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्ही ते वाचलं नसतं, तपासलं असतं.

तुम्ही गेल्याचं हेमंतने गावच्या ग्रुपवर टाकलं तेव्हा काय झालं ठाऊक आहे? एकानेही एक अक्षर लिहिलं नाही! नुसते जोडलेले हात, एकाखाली एक. शेजारच्या विजूकाकांना मी नंतर विचारलं, तर म्हणतात कसे, "अगं वैजू, लिहायला घेतलं होतं. पण रेस्ट इन पीस लिहिताना कुठे टिंब राहिलं, कुठे जास्त पडलं तर? आप्पांच्या बाबतीत रिस्क कोण घेणार?" अहो, तुम्ही तेव्हा ओट्यावर होतात, पांढऱ्या चादरीखाली. तरी लोक तुम्हाला घाबरले. मला हसू आलं, आणि त्या दिवशी हसले म्हणून आत्या अजून माझ्याशी नीट बोलत नाही.

हेमंत मात्र हसला नाही. दिवसकार्य झाल्यावर त्याने मला विहिरीपाशी नेलं आणि विचारलं, "ताई, खरं सांग. आप्पांना माझी लाज वाटायची ना?" मी म्हटलं, "वेडा आहेस का?" हे काही उत्तर नव्हे, हे त्यालाही कळलं आणि मलाही. तेव्हापासून तो काही ना काही निमित्ताने फोन करायचा आणि फिरून फिरून तिथेच यायचा. पन्नाशीला आलेला माणूस, वालीवला स्वतःचं वर्कशॉप, हाताखाली माणसं, आणि प्रश्न हा! काय सांगणार होते मी? तुम्ही मला काही सांगून गेला नव्हतात.

कसे होतात हो तुम्ही! फोर्टच्या कचेरीत जन्मभर दुसऱ्यांची पत्रं टाइप केलीत आणि निवृत्त झाल्यावर सगळ्या वसईचं इंग्रजी तपासायला घेतलंत. तुमच्याबरोबर बाजारात जायचं म्हणजे माझ्या अंगावर काटा यायचा. सलूनच्या बोर्डापाशी थांबा, केकवाल्यापाशी थांबा, मोबाइलवाल्यापाशी थांबा. एसच्या आधी वर लटकणारा तो अपॉस्ट्रॉफी दिसला, आणि तो तिथे नको असला, की तुम्ही जागचे हलत नव्हता. तुम्ही त्याला माशी म्हणायचात. "इथे माशी का बसवलीय? एकाचे दोन झाले की लगेच माशी बसवायची?" आणि दुकानदार बिचारा खरोखरच माशी शोधायचा.

शर्टाच्या खिशात पांढऱ्या चिकटपट्टीचं रीळ असायचं तुमच्या. मेन्यूकार्डावर, पत्रिकेवर, बसथांब्याच्या जाहिरातीवर, जिथे हात पोचेल तिथे एवढासा तुकडा फाडून माशीवर चिकटवायचा. कुणी सांगितलं होतं? बोळिंजला माझ्याकडे राहायला आलात तर आमच्या लिफ्टमधली सोसायटीची नोटीस दोन दिवसांत पांढऱ्या ठिपक्यांनी भरली. सेक्रेटरी मला गाठून म्हणाले, "मॅडम, तुमच्या फादरना सांगा ना प्लीज. नोटीस आहे ती, परीक्षेचा पेपर नाही." मी माफी मागितली. तुमच्यासाठी मी किती जणांची माफी मागितलीय, आप्पा, त्याचा हिशेब कधी ठेवला नाही हे तुमचं नशीब.

आणि तरी तुमच्यावर राग टिकायचा नाही, हीच तर पंचाईत. हेमंतच्या रुहीच्या वाढदिवसाचा तो केक आठवतो? खाली क्रीमने लिहिलेलं होतं, विथ लव्ह फ्रॉम ऑल राऊत्स, आणि राऊत्सवर भली मोठी गुलाबी माशी. सगळे मेणबत्ती विझवायची वाट बघतायत आणि तुम्ही सुरीच्या टोकाने ती माशी अलगद उचललीत आणि खाऊन टाकलीत. रुही किंचाळली, "पप्पा, आजोबांनी माशी खाल्ली!" सगळ्यात जास्त कोण हसलं होतं? हेमंत. तेव्हा अजून तुम्हा दोघांना एकमेकांसमोर हसता येत होतं.

हे वेड कुठून आलं ते तुम्ही एकदाच सांगितलंत, ओट्यावर, वाल सोलत असताना. नवी नोकरी. जुन्या टाइपरायटरवर माशी आठाच्या बटणावर असायची, शिफ्ट दाबून उमटवायची. तुमची शिफ्ट दाबायची राहिली आणि साहेबाच्या पत्रात शब्दाच्या मधोमध आठाचा आकडा उमटला. साहेबाने तो कागद उंच धरून सगळ्या हॉलला दाखवला आणि विचारलं, "हा कुठल्या वाडीतून पकडून आणलाय?" त्यानंतर कितीतरी दिवस तुम्हाला तिथे केळीवाला म्हणायचे. सांडोरच्या वाडीतून निघालेला आमच्या घरातला पहिला नोकरदार, धुतलेला शर्ट घालून गेलेला, आणि त्याला हसले.

मला तेव्हा फार वाईट वाटलं तुमच्यासाठी. मग रागही आला. ज्याला कुणी एवढंसं चुकलं म्हणून हसलं, त्यानेच दुसऱ्याच्या चुकीकडे बोट दाखवत फिरावं? आणि तेही स्वतःच्या मुलाच्या?

तो दसरा मला विसरता येत नाही. हेमंतचं वर्कशॉप सुरू होणार होतं. एक लेथ, एक ड्रिल मशीन, वर पत्रा, पण नवा रंग, नवं गेट. गेटला लावायला तुम्ही वाडीतले केळीचे दोन खांब भालचंद्रच्या टेम्पोत घालून स्वतः घेऊन आला होतात. घरातल्या मोठ्याने नारळ फोडायचा, मग मशीन सुरू करायचं. भटजी तयार, मामा तयार, माणसं नव्या शर्टांत रांगेत उभी. तुम्ही टेम्पोतून उतरलात आणि मान वर केलीत.

राऊत इंजिनिअरिंग वर्क्स. वर्क्सवर माशी.

"ती काढ," तुम्ही म्हणालात, "मग येतो आत."

हेमंतला आधी चेष्टाच वाटली. "आप्पा, आत चला. पेंटर उद्या येईल, फिक्स करून टाकू."

"उद्या काही होत नाही. आत्ता."

"आत्ता पेंटर कुठून आणू? दसरा आहे!"

भालचंद्रनेसुद्धा टेम्पोतून डोकं बाहेर काढून सांगून बघितलं, "आप्पा, वर कोन बघतंय? मानूस दार बघतो." तुम्ही म्हणालात, "मी बघतो." भटजी घड्याळाकडे बघायला लागले. आणि मग हेमंत सगळ्या माणसांसमोर बोलला, "मी इंग्रजीत नापास झालो म्हणून लाज वाटते ना माझी? मग तसं सरळ बोला ना!"

 तुम्ही त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाहीत, बोर्डाकडे बघत राहिलात. नाही म्हणायला किती वेळ लागतो, आप्पा? एवढं इंग्रजी येत होतं तुम्हाला, मराठीतला एवढासा शब्द सापडला नाही? तुम्ही वळलात, रस्त्यावर गेलात, रिक्षा केलीत. नारळ मामाने फोडला. हेमंत त्या दिवशी म्हणाला, "आता ही माशी इथेच राहणार," आणि ती राहिली. तुम्ही पुन्हा कधी वालीवला गेला नाहीत. तुम्ही नाही म्हणून आईही गेली नाही.

बाहेरच्यांना वाटलं असतं घरात सगळं ठीक आहे. गणपतीत दोघं एका पंगतीला जेवायचात, केळीच्या भावावर बोलायचात, विहिरीच्या पंपावर बोलायचात. हेमंत तुमच्या चपलाही दुरुस्त करून आणायचा. फक्त वालीव हा शब्द कुणी काढायचा नाही. काढला की आईची वाटी हातातून सुटायची.

आणि दर दसऱ्याला भालचंद्रचा टेम्पो वालीवला यायचा, दोन खांब घेऊन. साधे नाहीत, लग्नाच्या मांडवाला देतात तसे, घडासकट. "आईनं पाठवलेत," असं म्हणून तो उतरवून ठेवायचा. हेमंत ते गेटच्या दोन बाजूंना बांधायचा. मी पूजेला गेलेली असायची, आणि थोड्या वेळाने तुमचा फोन.

"खांब नीट बांधले?"

"हो."

"घड मोडला नाही ना वाटेत?"

"नाही, आप्पा."

"वाऱ्याने पडतील बघ."

"नाही पडत."

मग शेवटी, "माशी?"

"आहे."

"हं."

मला त्या माशीचा इतका वीट आला होता की आधीचे प्रश्न माझ्या कानावरून जायचे. वाटायचं, खरं विचारायचं ते शेवटचं, बाकी सगळं तोंड उघडायला निमित्त. घरी येऊन नवऱ्याला म्हणायची, पुढच्या वर्षी मी जाणारच नाही. आणि जायची.

श्रावणात तुम्ही दवाखान्यात होतात तेव्हा हेमंत रोज सकाळी तुमची दाढी करायचा. तुम्ही गाल फुगवून द्यायचात, तो वाकून हळूहळू वस्तरा फिरवायचा. मी कॉटच्या पायथ्याशी उभी राहून मनात म्हणायची, आता बोला. दोघांपैकी कुणीतरी एक बोला. तुम्ही म्हणालात काय, तर "कानाखाली राहिलंय." तेवढंच! दोन दिवसांनी तुम्ही गेलात.

यंदा वर्षाच्या आत सण करायचा नाही म्हणून हेमंतने गेल्या आठवड्यात फोन केला. "ताई, मशीनला फक्त हळदकुंकू लावीन. तोरण नाही, काही नाही. आईला सांग, यंदा खांब नको पाठवूस." मी सांडोरला जाऊन आईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, "मला काय सांगतेस? मी कधी पाठवले?"

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? मला कोयता धरवतो का?" मग ती उठली, पदर खोचला आणि म्हणाली, "चल, दाखवते."

विहिरीपलीकडे, जिथे तुम्ही व्यापाऱ्याच्या माणसांना फिरकू द्यायचा नाहीत, तिथे दोन केळी उभ्या होत्या. घड भरून खाली वाकलेले. आणि दोन्हींच्या बुंध्याला, छातीच्या उंचीवर, तुमची पांढरी चिकटपट्टी. पावसाने पिवळी पडली होती, कडा सुटल्या होत्या, पण तुमचीच. दोन दोन वेढे, टोक दुमडून आत खोचलेलं, तुम्ही खोचायचात तसंच.

आई सांगत होती आणि मी नुसती बघत होते. आषाढात केळफूल बाहेर पडलं तेव्हा काठी टेकत टेकत येऊन तुम्ही पट्टी बांधून गेलात. दम लागला म्हणून परत येताना विहिरीच्या कठड्यावर बसून राहिलात. दरवर्षी असंच करायचात म्हणे. सगळ्या वाडीतून दोन निवडायच्या, पट्टी बांधायची, म्हणजे त्यांना कुणी हात लावत नाही. दसऱ्याच्या सकाळी स्वतः कापायच्या, पानं फाटू नयेत म्हणून गोणपाटात गुंडाळायच्या. आणि भालचंद्रला बजावायचं, आईने पाठवलेत असं सांग.

"का पण?" मी विचारलं.

"मी पण विचारलं होतं एकदा," आई म्हणाली. "तर म्हणाले, माझं नाव सांगितलंस तर तो परत पाठवील."

मी तिथेच खाली बसले, आप्पा. चिखलात. किती राग आला तुमचा! आणि किती... जाऊ दे. फोर्टच्या त्या कचेरीत हसं झालं तरी टिकून राहिलात, आमच्या सेक्रेटरीला जुमानलं नाहीत, आणि स्वतःच्या पोराला घाबरलात?

आईला म्हटलं, यंदा सण नाही, हेमंत नको म्हणालाय, काय करायचं? ती म्हणाली, "सण आपण नाहीच करत. त्यांनी राखून ठेवलेलं तेवढं पोचवायचं. त्यांचं काम राहिलंय ते." आणि मग म्हणाली, "मी पण येते."

काल सकाळी मी कोयता चालवला. मला कुठे सवय? चार घाव वाया, पाचवा लागला, चीक अंगभर. भालचंद्रने खांब टेम्पोत चढवले, आई पुढे त्याच्याशेजारी बसली, मी मागे घड धरून. वालीवला पोचलो तर हेमंत साध्या कपड्यांत गेटपाशी उभा. आईला बघून धावत आला. मग त्याला खांब दिसले.

"आई, मी नको सांगितलं होतं ना?"

"मी नाही पाठवले," आई म्हणाली. "कधीच नाही पाठवले."

त्याला कळेना. मी गोणपाट बाजूला केलं. पट्टी बघितली त्याने. ती पट्टी वसईत कोण ओळखणार नाही? त्याने तिच्यावर अंगठा फिरवला, सुटलेली कड दाबून बसवायला लागला. मी त्याला सगळं सांगितलं. आषाढ, केळफूल, काठी, दरवर्षीचं. शेवटी तुमचं ते वाक्यही सांगितलं.

"मी?" तो म्हणाला. "मी परत पाठवले असते?"

"ज्याला तुझी लाज वाटते तो असा घाबरेल का रे?" मी म्हटलं. इतके दिवस शोधत होते ते उत्तर असं तोंडातून निघून गेलं. हेमंत टेम्पोच्या फळीवर बसला आणि रडला, माणसांसमोर. मी त्याला थांबवलं नाही. भालचंद्र उगाचच टायर बघायला खाली वाकला.

आई तोवर गेटसमोर जाऊन मान वर करून उभी होती. तिला इंग्रजी वाचता येत नाही, हे आम्ही कुणी कधी लक्षात घेतलं होतं का? एवढी वर्षं ज्याच्यासाठी तिचं घर धुमसत राहिलं ते तिने कधी बघितलंच नव्हतं.

"कुठंय गं ती माशी?" तिने मला विचारलं.

मी बोट दाखवलं. तिने डोळे बारीक केले, हात कपाळाशी धरला.

"ती? ती एवढीशी?"

"हो."

"मला वाटत होतं नावच चुकलंय," ती म्हणाली. "मोठं काहीतरी असेल." आणि बराच वेळ तशीच बघत राहिली. तुम्हाला काय बोलायचं ते तिने मनातच बोलून घेतलं असणार. मी विचारलं नाही.

हेमंत डोळे पुसून उठला. "उद्याच पेंटरला बोलावतो. काढूनच टाकतो."

"आता कशाला?" आई म्हणाली. "वाचणारा गेला."

त्याने मग एक खांब खांद्यावर घेतला, नेहमीसारखा गेटला बांधायला. सुतळी काढली. तेव्हा आई पुढे झाली आणि त्याचा हात धरला.

"बाहेर नको उभे करू त्यांना. खूप वर्षं बाहेर उभे राहिले. आत घे."

आत घेतलं, आप्पा. लेथच्या दोन बाजूंना. पत्रा खाली आहे, पानं वर टेकून वाकली, घड मशीनला लागायला लागला. माणसांनी ड्रिलचं टेबल सरकवून जागा केली. हेमंतने नारळ फोडला, आईने मशीनला कुंकू लावलं आणि मग दोन्ही बुंध्यांना, पट्टीच्या जरा वर. लेथ सुरू झाली. आवाज चांगला येतो तिचा, तुम्ही कधी ऐकला नव्हतात.

खूप दमलेय. तुमच्या दोघांच्या मधे उभं राहून जेवढं दमले तेवढं कशानेच दमले नाही. एकदा, फक्त एकदा तोंडाने सांगितलं असतंत तर काय बिघडलं असतं? हे मी तुम्हाला माफ करणार आहे, पण आज नाही, थोडा वेळ लागेल.

तुमचं उरलेलं रीळ आईने मला दिलंय. माझ्या पर्समध्ये आहे. घाबरू नका, लिफ्टमधल्या नोटिशीला मी हात लावणार नाही, जरी काल रात्रीपासून तिच्यावरच्या माश्या मलाही दिसायला लागल्यात. पुढच्या आषाढात मी सांडोरला जाईन, विहिरीपलीकडे दोन चांगल्या केळी बघीन आणि पट्टी बांधीन, दोन वेढे, टोक आत खोचून. दसऱ्याला त्या वालीवला जातील. भालचंद्रला मी आत्ताच बजावून ठेवलंय. उतरवताना त्याने आईचं नाव घ्यायचं नाही, माझंही नाही. मोठ्याने सांगायचं, आप्पांनी पाठवलेत.

खांब नीट उभे आहेत. घड मोडला नाही.

माशी आहे.

तुमची,
वैजू